सपाट मुलखांतील पायवाटा

आपल्या महाराष्ट्रांत ‘फिरावयास जाणें’ म्हणजे बहुधा चढावयास जाणें, असा समज रूढ होऊन बसला आहे. इतिहास पाहावयाचा म्हणजे गड चढावयाचा. देवदर्शन घ्यावयाचें म्हणजे दोनचारशें पायऱ्या मोजावयाच्या. सह्याद्रीच्या कुशींत राहणाऱ्यांस हा समज शोभतो खरा. परंतु ज्यांच्या गुडघ्यांनीं साठी ओलांडली आहे अशा आम्हां मंडळींस तो सोयीचा नाहीं, आणि ज्यांचा मुलूखच बहुतांशीं सपाट आहे अशा आम्हां वऱ्हाडकरांस तर तो न्याय्यही नाहीं. चढाची वाट नसली म्हणजे वाटेवर पाहण्यासारखें कांहींच नाहीं, असें आमचींच मुलें म्हणूं लागलीं आहेत.

माझी एक पुतणी नोकरीच्या निमित्तानें इटली देशांत राहते. गेल्या हिंवाळ्यांत तिनें मोबाइलवरून एक लांबलचक मजकूर लिहून पाठविला. इटली म्हटली कीं आपणांस रोमचे भग्नावशेष किंवा आल्प्सचीं हिमाच्छादित शिखरें आठवतात. पण ती राहते तो उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्याचा प्रदेश तळहातासारखा सपाट आहे. सुटीच्या दिवशीं तेथील कुटुंबेंच्या कुटुंबें, आजीआजोबांसुद्धां, कालव्यांच्या कांठाकांठानें चालावयास निघतात. फेरारा नांवाच्या शहराचा जुना तट सुमारें नऊ किलोमीटर लांब असून लोक त्यावरून व त्याच्या कडेनें आरामांत फेरफटका करितात. ख्रिस्तपूर्व १८७ मध्यें एमिलियस लेपिडस नांवाच्या रोमन कॉन्सलनें रिमिनीपासून पिआचेंझापर्यंत जी सरळ सडक बांधविली, तिच्यावर बोलोन्या, मोदेना, पार्मा हीं शहरें दोऱ्यांत मणी ओंवावे तशीं आजही ओंवलेलीं आहेत. हें सर्व मोठ्या कौतुकानें लिहून शेवटीं तिनें विचारलें होतें, “काका, आपल्या यवतमाळास असें रमतगमत जाऊन पाहण्यासारखें कांहीं आहे का हो?”

प्रश्न साधा होता, पण तो माझ्या मनांत घर करून राहिला. आमच्या जिल्ह्याचें नांव परगांवीं काढलें कीं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोहोंपैकीं एक भाव उमटतो. कांहींना तो जिल्हा नकाशावर कोठें आहे हेंच ठाऊक नसतें, आणि ज्यांना ठाऊक असतें ते आवाज खालीं आणून विचारतात, “शेतकऱ्यांच्या आत्महत्या होतात तोच जिल्हा ना?” तें दुःख खोटें नाहीं. २००६ सालीं पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भांत येऊन गेले व ज्या सहा जिल्ह्यांसाठीं ३७५० कोटि रुपयांची मदत जाहीर झाली, त्यांत यवतमाळ होता. परंतु एखाद्या माणसाची सारी ओळख केवळ त्याच्या घरीं घडलेल्या मृत्यूवरून करून द्यावी, तसें हें होतें. ज्या भूमीविषयीं केवळ कींव केली जाते, तिच्यावर तिचीं स्वतःचीं मुलेंही प्रेम करावयास लाजतात. म्हणून मीं पुतणीस उत्तरादाखल माझ्या नेहमींच्या वाटा लिहून पाठविल्या. त्याच येथें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम अंतराविषयीं दोन शब्द. इंग्रजींतला ‘मैल’ हा रोमन लोकांच्या सहस्र पावलांपासून निघाला. त्यांचें पाऊल म्हणजे आपलीं दोन पावलें. आपला ‘कोस’ संस्कृत ‘क्रोश’ शब्दापासून आला आणि क्रोश म्हणजे आरोळी. म्हणजे रोमन शिपाई पाय मोजीत चालला, आणि आपला पूर्वज हांक कोठवर ऐकूं जाते यावरून वाट मोजीत चालला. मला आपलें माप अधिक गोड वाटतें. त्यांत पलीकडे कोणी तरी ऐकणारा आहे, हें गृहीत धरलेलें आहे. पुढें सांगितलेल्या वाटा अशाच हांकेच्या टप्प्यांनीं चालावयाच्या आहेत. घाई करून त्या उरकावयाच्या नाहींत.

दुसरें, ऋतूविषयीं. पावसाळ्यांत आमची काळी माती पायांस अशी चिकटते कीं चार पावलांत जोड्याचें वजन दुप्पट होतें. चैत्र-वैशाखांत ऊन माणसास उभें राहूं देत नाहीं. तेव्हां दिवाळी झाल्यापासून माघाअखेरपर्यंतचे दिवस उत्तम. सकाळीं सहाला निघावें, दहाच्या आंत सावलींत यावें. जवळ पाणी असावें, आणि शक्य तर घरांतील एखादें मूल असावें. कारण मुलें विचारतात आणि आपणांस उत्तर शोधणें भाग पडतें.

पहिली वाट अगदीं घराजवळची, यवतमाळ शहरापासून पश्चिमेकडे लोहाऱ्यास जाणारी. यवतमाळ हें सुमारें साडेचारशें मीटर उंचीच्या पठारावर वसलें आहे. पण एकदां पठारावर आलें कीं चढउतार फारसा उरत नाहीं. लोहारा आतां शहरास जवळजवळ लागलाच आहे व कारखान्यांच्या वसाहतीमुळें त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें. परंतु सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लनें ‘ऐन-इ-अकबरी’ लिहिली, तेव्हां तींत हा परगणा ‘योत-लोहारा’ या नांवानें नोंदला गेला. योत म्हणजे यवत, असें जाणकार मानतात. म्हणजे आज जें गांव शहराचें शेपूट समजलें जातें, तें तेव्हां शहराच्या बरोबरीनें नांव मिरवीत होतें. तेथें कमलेश्वराचें हेमाडपंती देऊळ आहे. हेमाडपंत हे देवगिरीच्या यादवांचे तेराव्या शतकांतील मंत्री. चुन्यावांचून दगडावर दगड बसवून बांधलेल्या जुन्या देवळांस त्यांचें नांव सरसकट दिलें जातें, मग तीं त्यांच्या काळचीं असोत वा नसोत. माझ्या नातवानें तेथें विचारलें, “आजोबा, चुना नाहीं, सिमेंट नाहीं, मग हें पडत कसें नाहीं?” मीं त्यास सांगितलें कीं प्रत्येक दगड आपल्या वजनानें खालच्यास धरून ठेवितो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “आपल्या घरासारखें.” आमच्या घरांत तेरा माणसें आहेत.

दुसरी वाट लोहमार्गाची. यवतमाळहून दारव्हा, कारंजा अशीं गांवें घेत मूर्तिजापुरापर्यंत सुमारें ११३ किलोमीटर लांबीचा अरुंद लोहमार्ग १९०३ सालीं सुरू झाला. रुळांमधलें अंतर अवघें अडीच फूट. त्याचा हेतु आमची सोय हा नव्हता. आमचा कापूस हा होता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेथला कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीकडे लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे लागले. १८६७ पर्यंत मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोंचली. पुढें तिला मिळण्यासाठीं मूर्तिजापुरापासून ही छोटी लाईन टाकण्यांत आली. कापूस येथून मुंबईस व तेथून मँचेस्टरकडे जाई. आणि नवल असें कीं या लाईनीवर सत्तर वर्षें ज्या वाफेच्या इंजिनानें गाडी ओढली, तें मँचेस्टरमध्येंच १९२१ सालीं तयार झालें होतें. १५ एप्रिल १९९४ रोजीं त्यास विश्रांति मिळाली व डिझेलचें इंजिन आलें. आतां यवतमाळच्या बाजूस ती गाडी येत नाहीं.

आगगाडीस तीव्र चढ मानवत नाहीं. म्हणून तिच्या मार्गाच्या शेजारची वाट ही म्हाताऱ्या पायांस सर्वांत दयाळू वाट होय. यवतमाळहून लासिना, लाडखेड या बाजूस जातांना मी रुळांवरून न जातां जवळच्या पांदणीनें चालतों. दोन्ही बाजूंस पऱ्हाटीचीं वावरें, मध्येंच तुरीच्या ओळी, बांधावर पळस, बाभळी आणि बोरी. मार्गशीर्षांत कापूस फुटलेला असतो आणि बाया कमरेला ओटी बांधून वेचणी करीत असतात. अशाच एका म्हाताऱ्या बाईनें मला थांबवून विचारलें, “कुठी चाल्ले गुर्जी, पायीपायी?” मीं सांगितलें, गाडीची लाईन पाहावयास. ती हंसली. “याच गाडीनं मी सासरी आली,” ती म्हणाली. “इतकी हळू चाले का मी रडूनरडून थकली, तरी गाव येई ना.” इंजिनाचें साल पुस्तकांत सांपडतें, परंतु गाडीची खरी गति मला त्या बाईकडून कळली.

लोकांनीं या गाडीस ‘शकुंतला’ म्हणावें, याचें मला संस्कृतचा अभ्यासक म्हणून फार वाटतें. कालिदासाच्या नाटकाचें पुरें नांव ‘अभिज्ञानशाकुंतल’. अभिज्ञान म्हणजे ओळख पटविणारी खूण. राजा शकुंतलेस विसरला तो ती बदलली म्हणून नव्हे; दुर्वासांचा शाप आड आला आणि खुणेची अंगठी पाण्यांत पडली म्हणून. कोळ्याला माशाच्या पोटांत ती सांपडेपर्यंत ती राजाच्या दृष्टीनें कोणीच नव्हती. आमच्या जिल्ह्याचेंही तसेंच झालें आहे असें मला वाटतें. ओळख पटविणारी खूण हरवली आहे, आणि ती राजधानींत सांपडावयाची नाहीं; ज्याचे पाय मातींत आहेत अशाच कोणाच्या तरी हातीं ती लागावयाची.

याच बाजूच्या एका वावरांत मला माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याच्या वडिलांनीं बारा वर्षांपूर्वीं आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें. आई व तो मिळून शेती पाहतात. त्यानें मला निंबाच्या सावलींत बसविलें, पाणी दिलें, आणि सांत्वनाचा एक शब्दही मीं काढण्यापूर्वीं तो म्हणाला, “गुर्जी, बाप गेला तवा लय लोक आले. पेपरवाले आले, साहेब आले, फोटो काढून गेले. कर्ज किती, पोरं किती, समदं पुसलं. वावराचं नाव कोनी नाही पुसलं.” मीं विचारलें, काय नांव आहे? “देवाचं वावर,” तो म्हणाला, आणि मला बांधाकडे घेऊन गेला. तेथें शेंदूर फांसलेला एक कोरीव दगड होता. कोणत्या तरी देवळाच्या खांबाचा तुकडा असावा. त्याचा पणजा औत हांकीत असतां तो नांगरास लागला, त्यानें तो वर काढून पुजला, आणि तेव्हांपासून वावरास हें नांव पडलें. बाप दर पेरणीला पहिली मूठ त्या दगडापुढें ठेवीत असे, मुलगाही ठेवितो. तो दगड कोणत्याही नोंदींत नसेल. पण त्या मुलाला आपला बाप कर्जाच्या आंकड्यानें ओळखला जावयास नको होता, तर या मुठीनें. मी तेथें तासभर बसलों. बाजाराचा भाव, बोंडअळी, विहिरीचें पाणी हें सर्व निघालें. त्याचें दुःख मीं कांहीं कमी केलें असें नाहीं. मात्र उठतांना तो वाटेपर्यंत पोंचवावयास आला आणि पुढच्या वावरांचीं नांवें एकामागून एक सांगत राहिला.

तिसरी वाट कळंबची. यवतमाळ-नागपूर रस्त्यावर सुमारें २३ किलोमीटरांवर हें गांव आहे. एस. टी.नें जावें आणि उतरून चक्रवती नदीच्या बाजूनें पायीं फिरावें. अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांत जीं ‘सरकारें’ होतीं, त्यांपैकीं एकाचें ठाणें कळंब होतें. आज मात्र तें चिंतामणि गणेशामुळें प्रसिद्ध आहे. गौतमाच्या शापानें पीडित झालेल्या इंद्रानें येथें गणेशाची आराधना केली, अशी स्थानिक कथा आहे. मला या कथेंत एक गंमत दिसते. ऐतरेय ब्राह्मणांत हरिश्चंद्राचा पुत्र रोहित अरण्यांतून घरीं परतूं लागला, तेव्हां ब्राह्मणाच्या रूपानें येऊन ‘थांबूं नकोस, हिंडत राहा’ असा उपदेश वर्षामागून वर्ष करणारा हाच इंद्र. दुसऱ्यास चालावयास लावणाऱ्या देवाला स्वतःच्या पापानें कळंबपर्यंत यावें लागलें व तेथें स्थिर बसावें लागलें.

या देवळाचें वैशिष्ट्य असें कीं तें जमिनीच्या पातळीखालीं आहे. इतर ठिकाणीं देवाकडे चढून जावें लागतें. येथें पायऱ्या उतरून जावें लागतें. समोर कुंड आहे. साधारण बारा वर्षांच्या अंतरानें त्यांतील पाणी वाढत जाऊन देवाच्या पायांस लागतें व मग ओसरतें, असें तेथील लोक श्रद्धेनें सांगतात, आणि त्या पर्वणीच्या आठवणींवरून घरांतल्या मुलांचीं वयें मोजतात. कळंबास आतां नवा लोहमार्गही आला आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं सुरू झाला. एकीकडे जुनी शकुंतला थांबली, दुसरीकडे रुंद रुळांची गाडी आली. नव्या गाडीचा मला आनंदच आहे. फक्त तिच्या खिडकींतून पाहणाऱ्या मुलांस हें जमिनीखालचें देऊळ दिसणार नाहीं, यासाठीं घरच्यांनीं तेथें उतरावें.

चौथी वाट दक्षिणेकडची, पांढरकवडा ते केळापूर. तालुक्याचें नांव केळापूर, पण कचेऱ्या पांढरकवड्यास. थोड्याच अंतरावर असलेल्या मूळ गांवीं जगदंबेचें देऊळ आहे व नवरात्रांत तेथें पार तेलंगणांतून माणसें येतात. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच जातो व मोटारी वाऱ्यासारख्या निघून जातात. त्यांतील कितींना ठाऊक असेल कीं १७ एप्रिल १८१८ रोजीं याच परिसरांत पेशवाईच्या अखेरच्या लढायांपैकीं एक झाली? दुसरे बाजीराव चांद्याकडे जाण्याच्या उद्देशानें इकडे वळले होते. नागपूरकर भोसल्यांचें साह्य मिळेल ही आशा. कर्नल ॲडम्सच्या फौजेनें त्यांस गांठलें, आणि उरल्यासुरल्या तोफा गमावून त्यांस पळावें लागलें. पुढच्याच महिन्यांत चांद्याचा किल्ला पडला आणि ३ जून रोजीं बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले. शनिवारवाडा पाहावयास हजारों लोक पुण्यास जातात, व ते योग्यच आहे. पण ज्या राज्याचा दरबार पुण्यास भरला, त्याची धांव आमच्या या उघड्या रानांत संपत आली होती. वैशाखाच्या तोंडावरच्या उन्हांत, पाण्यावांचून तळमळणारीं घोडीं आणि त्यांच्यामागें कुटुंबकबिला, हें दृश्य त्या सपाटीवर उभें राहिलें म्हणजे आपोआप डोळ्यांपुढें येतें. लपावयास एक टेकडी नाहीं. पुस्तकांत वाचलेला पराभव मला प्रथम तेथें समजला.

ज्यांस आणखी पूर्वेकडे जावयाचें आहे, त्यांनीं वणीस जावें. १९०५ पर्यंत हा सारा जिल्हा वणीच्याच नांवानें ओळखला जात असे. तेथें निर्गुडेच्या बाजूनें फिरावें, रंगनाथस्वामींचें देऊळ पाहावें, आणि मुलांस सांगावें कीं लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० सालीं याच गांवीं झाला. १९३० च्या जुलैंत पुसदच्या रानांत गवत कापून त्यांनीं जंगल सत्याग्रह केला. त्याच हातानें उतारवयांत लोकमान्यांवर ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हें संस्कृत महाकाव्य लिहिलें. १९६८ सालीं त्यांचें निधन झालें व १९७३ सालीं या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकाच माणसाच्या हातीं विळा आणि लेखणी दोन्ही शोभावीं, हें आमच्या मातीचें वळण आहे असें मी मुलांस अभिमानानें सांगतों.

पुतणीनें उत्तर वाचून लिहिलें कीं पुढच्या पौषांत ती मुलांना घेऊन येणार आहे, आणि मुलांना लाईनीच्या बाजूनें चालावयाचें आहे. मीं तिला दोन गोष्टी कळविल्या. एक, पायांत मळलेले तरी चालतील असे जोडे आणावे. दुसरी, प्रत्येक मुलाजवळ एक लहानशी वही द्यावी. देवळांचीं सालें व लढायांच्या तारखा मी सांगेनच. त्या वहींत मुलांनीं वाटेवरच्या वावरांचीं नांवें लिहून घ्यावयाचीं आहेत, आणि तीं ज्याचीं त्यालाच विचारून.